परसातली भिंत आणि तिची भोके

मैत्रिणींनो, वाळवणांवरच्या लेखाला तुमची भरपूर पत्रे आली. सांडग्यांच्या आणि कुरडयांच्या त्या गठ्ठ्यात एक पत्र मात्र अगदी निराळे निघाले. रत्नागिरीकडच्या एका भगिनीचे. तिचे घर उतारावर आहे. मागे डोंगर तासून जागा वाढवली, आणि आता न्हाणीघराच्या पाठीशी ८ फूट उंच मातीचा उभा कडा आहे. पावसात त्याच्या ढेपा सुटतात. गवंडी म्हणतो, "एकेरी चिऱ्याची भिंत चढवू, वरून सिमेंटचा गिलावा करू, बघायला नको!" दीर म्हणतात काँक्रीटचीच हवी. यजमान म्हणतात, पुढच्या वर्षी बघू. "ताई, तुम्ही काय म्हणाल?" असे तिने विचारले आहे.

ताई आधी आपली फजिती सांगणार आहे. कारण भिंतीच्या बाबतीत मी जो शहाणपणा केला, तो तुमच्यापैकी पुष्कळजणी करत असतील.

आमचे घरही असेच, चिपळूणजवळ, उताराला. सासऱ्यांच्या वेळी परसात जांभ्याचा गडगा होता. नुसता दगडावर दगड, मध्ये चुना नाही की सिमेंट नाही. पावसाळ्यात त्याच्या फटीफटीतून पाणी झिरपायचे, नेचे उगवायचे. आम्हाला तो गबाळा वाटे. परस मोठे करायचे म्हणून गडगा काढला, डोंगर आणखी आत तासला आणि ८ फुटांची काँक्रीटची भिंत घातली. छान गिलावा, वर पिवळा रंग. भिंतीला खाली पाइपाची भोके ठेवलेली होती. पहिल्याच आषाढात त्यांतून तांबडे पाणी यायला लागले. धुतलेल्या फरशीवर चिखल, शिवाय एकदा एका पाइपातून विरोळा डोकावला. मग काय, मीच गड्याला सांगून सगळी भोके सिमेंटने बुजवून घेतली. फरशी स्वच्छ राहिली. शेजारणींना कौतुकाने दाखवलीसुद्धा!

पुढे तीन पावसाळे काही झाले नाही. २०२१ च्या जुलैचा पाऊस कोकणात कोण विसरेल? चिपळूण बुडाले, महाडजवळचे तळिये गाव दरडीखाली गेले, तोच आठवडा. दोन दिवसांनी जरा उघडीप मिळाली म्हणून मी ओले कपडे घेऊन परसात गेले. आमची कपड्यांची दोरी भिंतीतल्या हुकापासून पडवीच्या खांबापर्यंत ताणून बांधलेली. ती सैल पडून लोंबत होती. दोरी कशी सैल झाली म्हणून मी पुन्हा ताणायला गेले आणि हात तसाच राहिला. दोरी लांबली नव्हती, भिंत घराकडे आली होती.

भिंतीच्या पायथ्याशीच न्हाणीघर, आणि सासूबाई तेव्हा आत अंघोळ करत होत्या.

त्यांना तशाच लुगडे गुंडाळून बाहेर काढले. माजघराच्या मागची खोली रिकामी केली. ह्यांनी मात्र पहार घेऊन एक भोक फोडले. नळ सोडावा तशी तांबड्या पाण्याची चिळकांडी बाहेर आली ती कितीतरी वेळ थांबेना. ह्यांना वाटले, मोठीच मात केली. माझा भाचा इंजिनियर आहे, तो संध्याकाळी येऊन बघतो तर काय, आम्हा दोघांवर चांगलाच उखडला. "काका, कललेल्या भिंतीसमोर उभं राहून पहार मारत होतात? ती अंगावर आली असती म्हणजे?" आणि मला म्हणाला, "मावशी, नुसत्या मातीचा भार ही भिंत कशीबशी पेलत होती. तू पाणी कोंडलंस."

त्याने मला कागदावर हिशोब करून दाखवला. साधारण मुरमाड माती धरली तर ८ फूट उंच भिंतीवर, भिंतीच्या दर फूट लांबीला, कोरड्या मातीचा रेटा सुमारे साडेपाचशे किलो पडतो. त्याच मातीत वरपर्यंत पाणी तुंबले की तो बाराशे किलोच्या घरात जातो. दुपटीहून जास्त! २० फूट लांब भिंत असेल तर ११ टनांचे २४ टन होतात. आणि उंचीची गंमत अशी की भिंत दुप्पट उंच केली की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो, आणि तिला उलथवण्याची ताकद तर आठपट. म्हणून ४ फुटांना जे चालले ते ८ फुटांना चालेल, हा गवंड्याचा हिशोब खरा नाही.

ती भिंत २०२२ च्या जानेवारीत तोडली. तोडताना आणखी एक गोष्ट निघाली. सळया होत्या, पण सगळ्या घराकडच्या बाजूला, गिलाव्याच्या आतच. म्हणजे जवळजवळ नसल्यासारख्याच. हे मला आधी उमगेना. मग भाच्याने शिळी भाकरी मागितली आणि हळूच वाकवली. वाकवल्यावर तडे कुठे जातात? बाहेरच्या, ताणल्या जाणाऱ्या अंगाला. भिंत घराकडे वाकते, तेव्हा ताण पडतो तो मातीकडच्या अंगाला. काँक्रीटला दाब सोसतो, ताण सोसत नाही. तो सळयांनी घ्यायचा असतो. म्हणून अशा भिंतीत मुख्य उभ्या सळया मातीच्या बाजूला हव्यात, आणि गंजू नयेत म्हणून त्यांच्यावर दीड-दोन इंच काँक्रीट हवे. हे काम फळ्या ठोकण्याआधीच डोळ्यांनी बघून घ्या. एकदा काँक्रीट ओतले की कंत्राटदाराचा शब्द आणि आपले नशीब.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीला सांगते. एकेरी चिऱ्याची भिंत ८ फुटांना घालू नका. ती कुंपणाची भिंत झाली, माती अडवायची नव्हे. २०१९ च्या जून-जुलैत तीन-चार दिवसांच्या अंतराने पुण्यात कोंढव्याला आणि मुंबईत मालाडला भर पावसात रात्री भिंती कोसळल्या आणि पायथ्याच्या झोपड्यांत झोपलेली माणसे गेली, ते आठवा. काँक्रीटची भिंत नुसती उभी पाटी नसते, तिला तळाशी रुंद पाऊल लागते. ८ फुटांच्या भिंतीचे पाऊल साधारण ४ ते साडेपाच फूट रुंद असते, आणि त्याचा बराच भाग मातीच्या पोटात जातो. वरची माती त्या पावलावर बसते आणि भिंतीला धरून ठेवते. तेवढी जागा मागे खणावी लागेल, हे आधीच धरून चाला. पाया पक्क्या थरापर्यंत न्या. आपल्याकडे जांभ्याच्या कठीण थराखाली पुष्कळदा मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमाती लागते. ती लागली तर गवंड्याच्या अंदाजावर जाऊ नका. खरे म्हणजे ४-५ फुटांवरची कुठलीही भिंत इंजिनियरच्या नकाशावाचून घालूच नये. त्याची फी जड वाटते, पण आम्ही एक भिंत दोनदा बांधली, त्यापुढे ती काहीच नाही.

जागा असेल तर दुसरा उपाय आहे. एका ८ फुटी भिंतीऐवजी ४-४ फुटांच्या दोन पायऱ्या करा. मघाचा हिशोब लावलात तर दोन्ही मिळून रेटा निम्माच भरतो. मात्र वरची भिंत खालचीच्या मागे निदान ८ फूट सरकून हवी, नाहीतर तिचे सगळे ओझे खालचीच्याच पाठीवर येईल. मधल्या पट्ट्यात अबोली, गवती चहा लावा. केळी नकोत, त्यांना रोज पाणी घालावे लागते.

पाण्याची वाट करणे हे खरे काम. भिंतीच्या पाठीशी फूटभर रुंदीत दगड-खडी भरायची, माती नाही, म्हणजे पाणी सरळ खाली उतरते. तिथून ३-४ इंची पाइप, ३ ते ५ फुटांवर एक, ओळी एकाआड एक सरकवलेल्या, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. आतल्या तोंडाला जाळी आणि जाड दगड, म्हणजे माती वाहून येत नाही. आमच्या पहिल्या भिंतीला पाइप होते पण मागे खडी नव्हती, म्हणून तर तो तांबडा चिखल येत होता! नव्या भिंतीतून स्वच्छ पाणी येते. बाहेरच्या तोंडालाही जाळी लावली, विरोळा काही परत आला नाही. खाली सिमेंटची छोटी पन्हळ केली, ती पाणी नारळाला नेते. डोंगराच्या अंगाला, भिंतीच्या वर, चर खणून वरचे पाणी बाजूला काढा. आणि कृपा करून शोषखड्डा, पाण्याची टाकी किंवा भांडी घासायचा दगड भिंतीच्या वरच्या अंगाला ठेवू नका. पावसाळा चार महिने, पण खरकटे पाणी बारा महिने मुरते.

काम दिवाळीनंतर काढा आणि होळीपर्यंत आटपा. पायथा एका दमात लांबच्या लांब खणू देऊ नका; तुकड्यातुकड्याने, एक सोडून एक. काँक्रीटचे प्रमाण १ : दीड : ३, पण मिश्रण पातळ करायची सगळ्यांना हौस. ५० किलोच्या पोत्याला पाणी ३० लिटरच्या वर जाता कामा नये. म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्या, रेती ओली असेल तर त्याहून कमी. मी स्टूल टाकून बादल्या मोजत बसले होते. मिस्त्री मनातून वैतागला असणार, पण चहा वेळेवर मिळत होता म्हणून बोलला नाही. पुढे फळ्या काढल्यावर गोणपाट लावून निदान १० दिवस भिंत ओली ठेवायची. हे काम शेवटी आपल्याच गळ्यात पडते, तेव्हा नळीची सोय आधीच करून ठेवा. मागे भराव लगेच टाकू देऊ नका, महिनाभर थांबा. मग मुरूम थराथराने ठोकून भरा.

जिची भिंत आधीच उभी आहे तिने काय करावे? मृगाच्या आधी प्रत्येक भोकात काठी घालून बघा, मोकळे आहे ना. भिंतीला ओळंबा लावा आणि अंतर घरातल्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा, पुढच्या वर्षी ताडून पाहता येते. मुसळधार पावसात रोज ठिबकणारी भोके एकाएकी कोरडी पडली, भिंतीला पोट आले, किंवा वरच्या जमिनीवर भिंतीला समांतर भेग दिसली, तर त्या बाजूच्या खोलीत रात्री कुणाला निजू देऊ नका, आणि पहार तर मुळीच हातात घेऊ नका. ग्रामपंचायतीत कळवा, जाणत्या माणसाला बोलवा.

पत्र लिहिणाऱ्या भगिनीने कड्याची लांबी कळवलेली नाही, आणि वरच्या अंगाला कुणाचे घर आहे का तेही नाही. ती दोन्ही माहिती पाठवावी. आणि तोवर, यजमान काही म्हणोत, यंदाच्या पावसाळ्यात अंघोळीची सोय पुढच्या अंगाला करावी.