पाच प्रसूती केंद्रं, पण सुईणी कुठून आणणार?

परवा अफगाणिस्तानवर चार ओळी टाकल्या, तर आपल्याच गावच्या तिघा-चौघांनी मला झाडून काढलं. "इथं झेडपीच्या शाळेचं छप्पर गळतंय आणि तुम्हाला काबूलचा पुळका!" छप्पर गळतंय, खरंय. त्याची बातमी मीच दोनदा केलीय, ओरडणाऱ्यांनी ती वाचलेली दिसत नाही. पण काबूलची मदत थांबली म्हणून आपल्या शाळेवर पत्रा चढला, असं आजवर कधी झालेलं नाही.

माझं भांडण वेगळं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री मुत्ताकी दिल्लीत आले. पहिल्या पत्रकार परिषदेला महिला पत्रकारांना बोलावलंच नाही. ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी घेतली, त्यात त्यांना जागा मिळाली. चॅनेलवर तेवढंच गाजलं. त्याच दौऱ्यात आपल्या सरकारनं २० रुग्णवाहिका देऊ केल्या आणि पक्तिका, खोस्त, पक्तिया या प्रांतांत पाच प्रसूती केंद्रं बांधायचं जाहीर केलं. ते कुणी फारसं वाचलं नाही. मदत चांगलीच आहे, माझा विरोध नाही. फक्त मला सांगा, तिथं बाळंतपण करणार कोण?

कारण सप्टेंबर २०२१ पासून तिथं सहावीनंतर मुलींची शाळा बंद. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठं बंद. वैद्यकीय संस्थांतला नर्सिंग आणि सुईणीचा कोर्स तेवढा चालू होता, तो डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. वर, बाईला पुरुष डॉक्टरनं तपासायचं नाही ही तिथल्या कित्येक भागांतली रीत. म्हणजे आज ज्या सुईणी आहेत त्या थकतील, निवृत्त होतील, आणि मागून नवी येणार नाही.

हे मोडण्याआधी काय होतं तेही बघा. २००२ च्या सुमारास तिथं लाख जिवंत जन्मांमागे सुमारे १,६०० बायका दगावत. २०२० पर्यंत हा आकडा साधारण ६२० वर आला. अजूनही भयंकरच, पण निम्म्याहून खाली. यामागे मोठा वाटा गावातल्या मुलींचा. गावानं मुलगी निवडायची, तिनं सुईणीचं शिक्षण घ्यायचं आणि परत त्याच गावात काम करायचं. पैसा परदेशी देणगीदारांचा, हात मात्र गावच्या लेकीचे. मदत अशी असते मंडळी. नुसती इमारत म्हणजे फीत कापायची सोय.

"तालिबानला पैसे कशाला?" म्हणणाऱ्यांचंही ऐकलं. २०२५ मध्ये अमेरिकेनं मदत कापली, काही आठवड्यांत दोनशेहून जास्त दवाखाने बंद पडले. तालिबानच्या मंत्र्याच्या घरचं कुणी अडलं का? अडली ती डोंगरातली पोटुशी बाई. उलट जपानचे डॉक्टर तेत्सु नाकामुरा बघा. १९८४ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी पेशावरला आले, मग सीमेपलीकडे दवाखाने काढले. दुष्काळ पडला तेव्हा विहिरी खणल्या, कुनार नदीवरून कालवा काढला. सगळं सामान्य जपानी माणसांच्या देणग्यांवर. सत्ता बदलत राहिल्या, हा माणूस हलला नाही. २०१९ मध्ये जलालाबादला गोळ्या घालून मारलं त्यांना.

आणि परक्याच्या पैशाला नाक मुरडणाऱ्या मराठी माणसानं आनंदीबाई जोशींना तरी आठवावं. पहिलं बाळ दहा दिवसांत गेलं, बाईला तपासायला बाई डॉक्टर नाही हे तिनं अंगावर सोसलं. तिला घरात ठेवून घेणाऱ्या न्यू जर्सीच्या कार्पेंटरबाई नात्याच्या ना गोत्याच्या. १८८६ मध्ये ती डॉक्टर झाली.

दिल्लीकडे माझं मागणं एवढंच. प्रत्येक प्रसूती केंद्रासोबत मुलींसाठी प्रशिक्षणाचा वर्ग हवा, ही अट करारात घाला. ऑनलाइन शिष्यवृत्त्या आपण देतोय, पण बाळंतपण मोबाईलवर बघून शिकता येत नाही. तालिबान नाही म्हणेल? म्हणू दे की. आपण मागितलं आणि त्यांनी नाकारलं, हे निदान कागदावर तरी येईल. आज तर आपण मागतही नाही, फोटो मात्र काढतो.

आणि हो, शाळेच्या गळक्या छपराचे ताजे फोटो असतील तर इनबॉक्समध्ये टाका. तिसरी बातमी करतो.