देखण्या जागेचा भ्रम

सातारा-सांगली भागात लग्नाआधीच्या फोटोंच्या जागा जणू ठरूनच गेल्या आहेत: कास पठार, ठोसेघर, ‘स्वदेस’ (२००४) चित्रपटात दिसलेला मेणवलीचा घाट, सांगलीचा कृष्णाकाठ आणि १९२९चा आयर्विन पूल. जागा देखणी असली की फोटोही देखणा येतो, हा या निवडीमागचा समज. तो आणि त्याच्या जोडीने चालत आलेले चार नियम तपासून पाहिले, तर एकही पूर्णपणे टिकत नाही. व्यक्तिचित्रात आधी चेहऱ्यावरचा प्रकाश पाहावा, मग देहाची ठेवण, मग चौकट. जागेचा विचार सर्वांत शेवटी.

पहिला नियम असा, की सूर्य फोटोग्राफरच्या पाठीशी हवा. फिल्म मंद होती, तिला भरपूर उजेड लागे, तेव्हा तो सोयीचा होता. पण समोरच्या कडक उन्हात डोळे बारीक होतात आणि नाका-गालांचा उठाव जाऊन चेहरा सपाट दिसतो. त्याऐवजी माणसाची पाठ उन्हाकडे करावी आणि समोर तीन-चार फुटांवर पांढरा थर्माकोल धरावा. केसांना उजळ कड मिळते, चेहऱ्यावर मऊ प्रकाश येतो. थर्माकोल पायाशी धरला तर खालून येणारा उजेड चेहरा भेसूर करतो. छातीच्या उंचीवर, थोडा एका बाजूला धरला तर एक गाल किंचित गडद राहून उठाव टिकतो. उसाच्या फडाशेजारी चेहऱ्यावर हिरवी आणि कासच्या जांभ्यावर तांबूस झाक चढते, तीही थर्माकोलने कमी होते.

दुसरा नियम: फोटो फक्त सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हातच काढावेत. ते ऊन चांगले, यात वाद नाही. पण ते फार थोडा वेळ मिळते. या अक्षांशावर मावळता सूर्य क्षितिजापासून ६ अंशांवर आला की जेमतेम २५ मिनिटे उरतात. वाई-मेणवलीत तो त्याआधीच डोंगराआड जातो. सांगलीच्या सपाटीवर तो शेवटपर्यंत हाती राहतो. शिवाय मुहूर्त दुपारचा असला तर सोनेरी वेळेची वाट पाहता येत नाही. मेच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. डिसेंबरअखेरीस तोच मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४९ अंशांवरच असतो. मेच्या दुपारी मांडवाची कड किंवा वाड्याच्या चौकाकडे उघडणारी पडवी शोधावी आणि चेहरा मोकळ्या आकाशाकडे वळवावा. झाडाखालच्या कवडशांत मात्र उभे करू नये. कासच्या फुलांच्या हंगामात, ऑगस्ट ते ऑक्टोबर, ढगाळ आकाश सगळा उजेड मऊ करते. पण तो वरूनच येतो. म्हणून कॅमेरा नजरेपेक्षा थोडा उंच घेऊन माणसाला वर पाहायला लावावे आणि पांढरे आकाश चौकटीबाहेर ठेवावे.

तिसरा नियम चित्रपटातली पोझ उचलण्याचा. नटाच्या अंगावर शोभणारी ठेवण अवघडलेल्या नवरदेवाला शोभत नाही. भार मागच्या पायावर, खांदे किंचित तिरके आणि हातांना काहीतरी काम, मग तो फेट्याचा शेमला असो वा नऊवारीचा पदर, एवढ्याने अंग सैल होते. नथ असलेली बाजू प्रकाशाकडे ठेवावी. दोघांच्या उंचीत फरक असेल, तर घाटावर उंच माणसाला एक पायरी खाली उभे केले की नजरा जुळतात. “हसा” म्हणण्यापेक्षा दोघांना आपसांत बोलू द्यावे.

चौथा नियम: मागचे धूसर केले आणि माणूस तृतीयांश रेषेवर ठेवला, की रचना झाली. मोबाइलची कृत्रिम धूसरता गजऱ्याची आणि मुंडावळ्यांची कड अनेकदा खाऊन टाकते. फार जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठे दिसते. सुमारे २ मीटर मागे सरून लांब पल्ल्याची लेन्स वापरली की प्रमाण नीट येते. पुलाच्या कठड्याची रेघ मानेतून जात असेल, तर धूसर होऊनही ती खुपते. तिथे कॅमेरा वर-खाली करणे हाच उपाय. तृतीयांशाचा नियम शिकाऊंना उपयोगी आहे, पण नजर जिकडे वळली आहे तिकडे मोकळी जागा सोडणे अधिक महत्त्वाचे.

यावर आक्षेप येईल, की जोडपी जागेसाठीच येतात; मग जागा दिसायला नको का? आक्षेप रास्त आहे. पण अशा वेळी दोन वेगळे फोटो काढावेत: एकात निसर्ग मोठा आणि माणसे लहान, दुसऱ्यात चेहरा. दोन्ही एकाच चौकटीत कोंबले की दोन्ही वाया जातात. शिवाय २०१२पासून जागतिक वारशात गणल्या जाणाऱ्या कासच्या फुलांत लोळून फोटो काढल्याने फुले तुडवली जातात. पायवाटेवरून कॅमेरा खाली घेतला तरी तीच फुले चौकटीच्या पुढच्या भागात येतात.

फोटो काढणाऱ्याने म्हणूनच ठिकाणाआधी उजेडाची चौकशी करावी. घराच्या पडवीत चेहऱ्यावर प्रकाश नीट पडत असेल, तर चांगल्या व्यक्तिचित्रासाठी कासचा घाट चढण्याची गरज नाही.