सायकलीवर पट्टी कशासाठी?

जो रस्त्यावर चालतो त्याने रस्त्याचा खर्च सोसावा, हे तत्त्व ऐकावयास इतके सरळ आहे की, ते बोलून दाखविणाऱ्यास आपल्या हातून काही अन्याय होत असेल अशी शंकाही शिवत नाही. मोटारवाला गाडी विकत घेताना कर भरतो, पेट्रोल घेताना भरतो, नाक्यावर टोल देतो; मग सायकलवाल्यानेच तेवढे फुकट का फिरावे, असा सवाल दुकानाच्या ओट्यावर आणि एस. टी.च्या बाकावर वरचेवर ऐकू येतो. सवाल करणारे सगळेच दुष्ट असतात असे नाही. त्यांतले पुष्कळजण आपापली पट्टी वेळेवर भरणारे सज्जन गृहस्थ असतात, आणि म्हणूनच त्यांच्या म्हणण्याचा नीट विचार करणे अवश्य आहे.

हा विचार हवेत करण्यापेक्षा एखाद्या गावाच्या वेशीत उभे राहून करावा हे बरे. बीडच्या दक्षिणेस, बिंदुसरेच्या धरणापाशी, धुळे-सोलापूर महामार्गावरचे पाली हे गाव आम्ही त्यासाठी घेतो. एकीकडे राष्ट्रीय महामार्ग आणि दुसरीकडे ग्रामपंचायतीच्या गल्ल्या व शिवारात जाणाऱ्या वाटा, अशा गावी सायकलीवरच्या माणसाचा संबंध सर्वांत मोठ्या आणि सर्वांत धाकट्या अशा दोन्ही सरकारांशी एकाच सकाळी येतो. बीड शहराहून अहिल्यानगरास आगगाडी सुटू लागली ती १७ सप्टेंबर २०२५ पासून. तोवर या टापूचे सारे दळणवळण रस्त्याच्याच भरवशावर चालले होते. रस्ता म्हणजे काय, हे अशा ठिकाणच्या लोकांस शिकवावे लागत नाही.

पुष्कळांस ठाऊक नसेल, परंतु सायकलीवर कर बसविण्याचा अधिकार कायद्याच्या पोटात आजही आहे. १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, ज्यास आता महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात, त्याच्या १२४ व्या कलमात घरे, जमिनी, जत्रा, उत्सव व करमणुकी यांच्या पंक्तीस सायकलींना आणि जनावरांनी ओढावयाच्या गाड्यांनाही बसविले आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीतील ५७ वी नोंदही वाहन यंत्राने चालो की यंत्रावाचून, त्यावर कर घेण्यास मोकळीक देते. तेव्हा उद्या एखाद्या पंचायतीने पावतीपुस्तक छापून घेतले, तर तिने बेकायदा काही केले असे कोणास म्हणता येणार नाही. प्रश्न अधिकाराचा नाही, शहाणपणाचा आहे.

तो कायदा झाला तेव्हा पाली निजामाच्या अमलातून सुटून दहा वर्षे झाली होती. त्या काळी खेड्यात सायकल बाळगणे ही ऐपतीची खूण होती. मास्तर, पोस्टमन किंवा एखादा सुखवस्तू शेतकरी यांच्याच दारात ती उभी दिसे. ऐपतीवर कर घ्यावा या न्यायाने सायकलीवर तो घेण्यात त्या वेळी काही गैर नव्हते. आज काळ उलटा फिरला आहे. २०११ च्या जनगणनेत देशातील ४४.८ टक्के कुटुंबांकडे सायकल, २१ टक्के कुटुंबांकडे मोटारसायकल किंवा स्कूटर आणि ४.७ टक्के कुटुंबांकडे मोटार आढळली. गावात आज जो सायकलीवर दिसतो तो बहुधा मोटारसायकल न परवडणारा मजूर असतो, नाही तर शाळेत जाणारे पोर. ऐपतीचा कर त्याच शब्दांत राहून गरिबीचा कर कसा बनतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही.

व्यापारी वाचकांस हिशेब आवडतो, म्हणून आधी हिशेबच मांडू. समजा, एका गावात पाचशे सायकली आहेत व पंचायतीने दर सायकलीस वर्षाला दहा रुपये पट्टी बसविली. वसूल होईल तो पाच हजार, तोही एकही सायकलवाला चुकला नाही तर. त्यातून बिल्ले करून घ्यावयाचे, नोंदवही ठेवावयाची, पावत्या फाडावयाच्या, थकबाकीदारांस नोटिसा बजावावयाच्या, आणि बिल्ला नाही म्हणून कोणाची सायकल अडवावयाची तर त्यासाठी माणूस उभा करावयाचा. जो दुकानदार पाच हजारांच्या उधारीसाठी सहा हजारांचा वसुली कारकून ठेवील त्यास आपण काय म्हणू, ते लिहिण्याची गरज नाही.

परंतु वसुली परवडत नाही एवढ्यावर न्यायाचा प्रश्न सुटत नाही. खरा मुद्दा झिजेचा आहे. रस्ता कोणामुळे झिजतो याची परीक्षा अमेरिकेतील इलिनॉय प्रांतात १९५८ ते १९६० या वर्षांत झाली. मुद्दाम बांधलेल्या सडकांवर वजनदार गाड्या महिनोन्महिने फिरवून अभियंत्यांनी असा ठोकताळा काढला की, चाकांच्या एका आसावर, म्हणजे गाडीवान ज्यास एक्सल म्हणतो त्यावर, जितका भार पडतो त्याच्या सुमारे चौथ्या घाताच्या प्रमाणात रस्ता खराब होतो. भार दुप्पट झाला की झीज सोळापट. स्वार व सायकल मिळून शंभर किलो धरले तर एका आसावर पन्नास किलो येतात. भरलेल्या ट्रकच्या मागील आसावर दहा टन सहज येतात. भार दोनशेपट, म्हणून झीज एकशे साठ कोटीपट. सायकलीसारख्या हलक्या वाहनास हा ठोकताळा काटेकोर लागू पडत नाही हे आम्ही जाणतो. परंतु एकशे साठ कोटींतून कितीही शून्ये खोडली तरी निकाल बदलत नाही. ट्रकच्या एका आसाने एका फेरीस एक रुपया द्यावा असे ठरले, तर त्याच न्यायाने सायकलवाल्याकडून घ्यावयाचे नाणे कोणत्याही टांकसाळीत पाडता येणार नाही. मराठवाड्याच्या काळ्या मातीवरची सडक तर गाड्यांइतकीच पाण्यानेही फुटते. कडेचे गटार तुंबले की एका पावसाळ्यात खड्डे पडतात, आणि त्या पाण्यास कोणती पट्टी लावावी हे अजून कोणी सुचविलेले नाही!

आता 'फुकट' या शब्दाकडे वळू. रस्त्याचा पैसा कोणाकडून घ्यावा हा वाद आपल्याकडे शंभर वर्षांचा जुना आहे. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्त्यांसंबंधी एक समिती नेमली गेली. रस्त्यांचा वाढता भार प्रांतांस व स्थानिक संस्थांस पेलणारा नाही, मध्यवर्ती सरकारने त्यास हात लावावा, व त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा घ्यावे, असे या समितीने १९२८ साली सांगितले. १९२९ मध्ये त्यातून रस्त्यांचा वेगळा निधी उभा राहिला. पुढे २००० सालच्या कायद्याने पेट्रोल-डिझेलवरील उपकर या निधीकडे वळविला, आणि डिझेलच्या उपकरातील निम्मा वाटा खेड्यापाड्यांच्या रस्त्यांसाठी राखून ठेवला. मोटारवाल्याच्या पैशाने गावचा रस्ता झाला, हे म्हणणे येथवर खरे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

मात्र तो पैसा एकट्या मोटारवाल्याचा होता काय? शेतातला ट्रॅक्टर नांगरताना डांबरी सडकेस शिवतही नाही, विहिरीवरचे इंजिन जागचे हलत नाही. तरी दोहोंच्या डिझेलमागे रस्त्याचा उपकर दिला गेलाच. एस. टी.च्या तिकिटात तो आला, किराणा मालाच्या भाड्यात आला, आणि मिठाच्या पुडीबरोबर तो सायकलवाल्याच्याही घरी पोहोचला. खुद्द सायकल घेताना १२ टक्के वस्तू व सेवा कर द्यावा लागे, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के झाला आहे. जमीन महसुलावर जिल्हा परिषदेचा उपकर आहे, घरावर घरपट्टी आहे. मागे इंग्रजी मुलखात १८६९ च्या कायद्याने साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडास जाऊ लागला, तो रस्ते व शाळा यांच्याच नावाने. आणि जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या लोकल फंडावर किती कडक लिहिले, हे वाचकांस स्मरत असेल. खेड्यातला माणूस रस्त्याचे पैसे देत आला आहे तो सायकल पाहण्याच्याही आधीपासून. नाक्यावरच्या टोलाचे म्हणाल तर २००८ च्या नियमांप्रमाणे राष्ट्रीय महामार्गावर मोटारसायकलवाल्यासही तो सहसा द्यावा लागत नाही. त्यास कोणी फुकट्या म्हणत नाही.

सायकलींच्या कैवाऱ्यांतही एक पक्ष असा आहे की जो म्हणतो, थोडी पट्टी देऊन टाकावी, म्हणजे आम्हांस रस्त्यावर मान मिळेल. पैसे मोजणाऱ्याचे कोणीही ऐकतो. हा युक्तिवाद आम्हांस सर्वांत घातक वाटतो, कारण तो प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर पुणे शहराने देऊन ठेवले आहे. पुणे सायकलींचे शहर म्हणून गाजत होते त्या काळात तेथील सायकलवाल्यांनी नगरसंस्थेस कर दिला, सायकलीस बिल्ले लावले. बिल्ला व रात्रीचा दिवा यांची धास्ती घेऊन वावरलेली पिढी अजून हयात आहे. मोटारी आणि स्कूटरी वाढू लागल्या तेव्हा त्या बिल्ल्यांनी हातभर तरी रस्ता राखून ठेवला काय? जुन्या पावत्या दाखवून कोणी कडेची जागा परत मागितली नाही, आणि मागितली असती तरी मिळाली नसती. सायकलींसाठी आराखडा करावा हे पुणे महापालिकेस सुचले ते २०१७ साली, जेव्हा बिल्ल्याचा काळ केव्हाच मागे पडला होता.

हॉलंड देशाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९२४ साली तेथे सायकलीवर कर बसला व पैसे भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलीवर लावावा लागे. पुढे मंदीच्या दिवसांत बेकारांस तो फुकट देण्यात येऊ लागला, पण त्या बिल्ल्याच्या मधोमध एक भोक पाडलेले असे, म्हणजे हा फुकटचा आहे हे वाटेने जाणाऱ्या कोणासही कळावे! १९४१ साली तो कर गेला. ज्या देशात आज सायकलीस राजमार्गाचा मान आहे, तो मान तिला बिल्ल्याने मिळवून दिलेला नाही. अमेरिकेत ऑरेगॉन प्रांताने २०१७ साली दोनशे डॉलर व त्याहून महाग अशा नव्या सायकलीवर पंधरा डॉलर कर घेण्याचा कायदा केला. लाख-दीड लाखाची सायकल हौसेने घेणाऱ्या मुंबई-पुण्याच्या रसिकांपुरता तसा काही कर उद्या कोणी सुचविला, तर आम्ही त्यावर रागावणार नाही. पालीच्या शिवारातून भाजीची पाटी बांधून निघालेल्या माणसाशी त्याचा काही संबंध नाही.

रस्त्यावरचा हक्क पावतीने मिळतो असे एकदा मान्य केले की, पायी चालणाऱ्याचे काय करावयाचे? शाळेत जाणाऱ्या मुलीचे काय? मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींस सरकार स्वतः सायकली देत आले आहे, कारण गाव आणि शाळा यांमधल्या दोन-तीन मैलांपायी मुलीचे शिक्षण सुटते, हे सरकारासही दिसले. बीड जिल्ह्यातून दर वर्षी ऊसतोडीस बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे बाहेर पडतात. तेथे मुलगी मागे राहून शाळेत जाऊ शकली, तर ते एका सायकलीच्या जोरावरही असू शकते. एका हाताने सायकल देऊन दुसऱ्या हाताने तिच्यावर पट्टी मागणे हा खुळेपणा कोणतीही पंचायत करणार नाही अशी आमची आशा आहे. पण पट्टी न घेण्याने त्या मुलीचे रक्षणही होत नाही. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत साडेचार हजारांहून अधिक सायकलीवर होती आणि बत्तीस हजारांहून अधिक पायी चालत होती. सायकलवाला रस्त्यास काय देतो, हे विचारणाऱ्यांनी हा आकडाही आपल्या जमाखर्चात धरावा.

महामार्ग चौपदरी झाला की गाड्यांचा वेग वाढतो, आणि घर एका अंगास व शेत वा शाळा दुसऱ्या अंगास अशी गावे मधून चिरली जातात. सायकलवाल्यास तेथे हवी असते ती कडेची साइडपट्टी, खडी-वाळूच्या ढिगांनी आणि उभ्या ट्रकांनी न अडविलेली. आणि ओलांडण्याची एक ठरलेली जागा, रात्री दिवा असलेली. येथे आमच्या व्यापारी बंधूंस दोन शब्द सांगणे भाग आहे. ती साइडपट्टी अडविणारे ट्रक पुष्कळदा त्यांच्याच मालाचे असतात. भाडे वाचावे म्हणून एका फेरीत दीड फेरीचा माल चढविणारेही तेच, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या कड मोडून जातात तेव्हा रस्त्याच्या नावाने बोटे मोडणारेही तेच. चौथ्या घाताचा हिशेब वर दिलाच आहे: दीडपट भार घातला की झीज पाचपट होते. ज्या गृहस्थास सायकलवाल्याचे दहा रुपये डोळ्यांत खुपतात, त्याने आपली घरपट्टी किती सालांची तटली आहे हेही एकदा पंचायतीच्या वहीत पाहून यावे. गल्लीतला खड्डा बुजतो तो त्याच पैशाने.

कायद्याच्या १२४ व्या कलमातून सायकल हा शब्द विधिमंडळाने काढून टाकावा, हे आमचे मागणे आहे. तो निघेपर्यंत पंचायतींनी त्यास हात लावू नये. पाली गावापुरते म्हणाल तर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत दोन ठराव एकाच बैठकीत करता येतील: गावात सायकलीवर पट्टी घेतली जाणार नाही हा एक, आणि महामार्गाची साइडपट्टी मोकळी ठेवून गावाजवळ ओलांडण्याची जागा व दिवा यांची सोय व्हावी, हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणास व जिल्हाधिकाऱ्यांस लिहून कळविण्याचा दुसरा. दुसऱ्या ठरावास ज्यांच्या मालाचे ट्रक त्या कडेस उभे असतात त्यांनीच अनुमोदन द्यावे, आणि ठरावाची नक्कल पुढच्या आठवड्यात जिल्हाधिकारी कचेरीत स्वतः नेऊन द्यावी.