‘बिअर म्हणजे दारू नव्हे’

सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण ही म्हण तापीकाठी स्थायिक झालेल्या आम्हां मराठी-कोकणी मंडळींना इतकी प्रिय आहे की तिचा निम्मा अभिमान आम्ही आमच्याच खात्यावर जमा करून घेतला आहे. लोचोवर तेल कमी पडले तर आमची मुले ताटली सरकवतात. पोंक कोवळा की जून, हे दाणा तोंडात पडताच सांगतात. अशी चोखंदळ जीभ लाभलेली हीच मंडळी समाराधना आटोपल्यावर ओसरीच्या कोपऱ्यात बिअरविषयी बोलू लागली, की आम्हांस त्यांच्या जिभेचीच शंका येते. ही कुजबूज आम्ही पुष्कळ दिवस कानांआड केली. आता करवत नाही.

‘आवडती कोणती?’ या प्रश्नास बहुतेकांचे उत्तर ‘स्ट्राँग’ असे असते. जिलबी कशी आवडते असे विचारल्यावर ‘वजनाला भारी’ असे सांगावे, त्यातलाच हा प्रकार. बिअरमध्ये रुचीला जागा आहे, हे आम्ही नाकारीत नाही. १८४२ साली बोहेमियातील प्ल्झेन गावी निपजलेली सोनेरी, कडसर पिल्सनर वेगळी. केळ्या-लवंगेच्या वासाची गव्हाची गढूळ बिअर वेगळी. भाजलेल्या सातूची काळी स्टाउट वेगळी. हा भेद जाणून एखाद्याने आपली आवड सांगितली तर ती आम्हांस मान्य नसली तरी समजू शकेल. पण अंगावर ‘स्ट्राँग’ लिहिलेल्या बाटलीची आवड ही चवीची नसून टक्क्याची असते.

आणि त्यावर वर ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हे पालुपद! येथे थोडे गणित करावेच लागेल. ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ८ टक्के मद्यार्क, म्हणजे ५२ मिलिलिटर. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीचा ६० मिलिलिटरचा मोठा पेग घेतला तर त्यात भरतात जेमतेम २६. म्हणजे जो गृहस्थ ‘मी व्हिस्कीला शिवत नाही, फक्त एक बिअर’ असे शपथेवर सांगतो, त्याने दोन मोठे पेग रिचवलेले असतात. ५ टक्क्यांची सौम्य बाटलीही एका पेगाहून जडच पडते. हाच गृहस्थ मग दमणहून रात्री मोटार हाकीत सुरतेस परततो, मागे बायको-मुले झोपलेली असतात. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असू नये, असे कायदा सांगतो. ‘फक्त बिअर’साठी त्यात निराळे कलम नाही.

याला दारूबंदीच कारण, असे तरुण म्हणतात. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा गुजरातने १९६० नंतरही सांभाळला, आणि जिथे पिणे हाच गुन्हा तिथे मनुष्य चवीने पीत नाही, उरकतो. दमणहून डिकीत दडवून आणलेली बाटली उन्हाने तापते; उष्णतेने आणि उजेडाने बिअर बिघडते. अशी उतरलेली बिअर घाईने घशाखाली ढकलणाऱ्यांनी रसिकतेचा आव आणावा, याचे आम्हांस हसू येते. परंतु टक्क्याचा आकडा बाटलीवर छापलेला असतो. तो वाचण्यास कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

वडीलधाऱ्यांना मात्र आम्ही सोडणार नाही. विषय निघताच ‘शिव शिव’ म्हणून उठून जायचे, आणि मुलगा दमणला कशासाठी जातो हे ठाऊक असून परतल्यावर ‘समुद्र पाहिलास का?’ एवढेच विचारायचे, ही रीत आपल्या घरोघरी रुजली आहे. या मौनामुळेच ‘बिअर म्हणजे दारू नव्हे’ हे वाक्य कोणी खोडून न काढता एका पिढीकडून दुसरीकडे गेले. आरोग्याच्या कारणास्तव मिळालेला परवाना ज्यांच्या कपाटात आहे, त्यांनी तरी पुढच्या समाराधनेला त्या कोपऱ्यात जाऊन बसावे आणि वरचे गणित मुलांकडून करवून घ्यावे.