वेळापत्रक कोणाचे?

कोकण रेल्वेवरील आगगाड्यांचे पावसाळी वेळापत्रक पूर्वी १० जूनपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत चालत असे. २०२५ साली त्याची मुदत १५ जून ते २० ऑक्टोबर अशी आखूड करण्यात आली. १४४ दिवसांचे १२८ दिवस झाले. सोळा दिवसांची ही बचत लहान नव्हे, आणि तीबद्दल त्या रेल्वेच्या व्यवस्थापकांस धन्यवाद देण्यास आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही. परंतु आज आम्ही लेखणी उचलली आहे ती केवळ धन्यवाद देण्याकरिता नव्हे. वेळापत्रक बदलावयाचे तर ते कोणत्या रीतीने बदलावे, आणि ज्याचा सारा दिनक्रम त्या छापील कोष्टकाच्या रकान्यांत बांधलेला आहे, त्या उतारूस त्या बाबतीत एका शब्दाने तरी विचारावे की नाही, हा खरा प्रश्न आहे.

कोकणची गाडी बदलापुरास येत नाही, मग बदलापूरकरांनी तिची चिंता का वाहावी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. मुंबईतील जागेचे भाव न पेलल्याने कल्याणच्या पलीकडे येऊन राहिलेल्या कुटुंबांत रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. ज्या बदलापूरची वस्ती २००१ च्या शिरगणतीत लाखाच्या आत होती, ती २०११ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात गेली. या भरतीत कोकणचे पाणी पुष्कळच आहे. गणपती, शिमगा, देवीची जत्रा, घरची शेती, म्हातारी आई या सर्वांसाठी हा मनुष्य गावी जातो. आणि जाताना त्यास प्रथम उलट दिशेने अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण, डोंबिवली ओलांडून दिवा गाठावे लागते व तेथून पनवेलच्या वाटेने दक्षिणेस वळावे लागते. त्याचा प्रवास दोन वेळापत्रकांवर लटकलेला असतो. एक लोकलचे, दुसरे कोकणचे. या दोहोंची गाठ घालून देणे हे कोणाचेच काम नाही, अशी आजची व्यवस्था आहे.

पावसाळी वेळापत्रकाविषयी न्यायाने बोलावयाचे तर त्याच्या मुळाशी असलेले कारण मान्य करावेच लागेल. रोह्यापासून कर्नाटकातील ठोकूरपर्यंत जाणारा हा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला. डोंगर फोडून, दऱ्या भरून तो बांधला. पण सह्याद्रीचा उतार पावसाळ्यात कोणाचेच ऐकत नाही. २२ जून २००३ रोजी वैभववाडीनजीक गाडी रुळांवरून घसरली आणि पन्नासांहून अधिक जीव गेले. पुरते वर्षही लोटले नव्हते तोच १६ जून २००४ रोजी महाड तालुक्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेसवर तसाच घाला पडला. दोन्ही वेळी महिना जूनच होता, आणि दोन्ही वेळी डोंगरावरून आलेल्या दगडांनी घात केला. त्यानंतर पावसाळ्यातील वेग उतरविण्यात आला, कड्यांना जाळ्या बसल्या, गस्तीची माणसे वाढली. मुसळधार पावसात समोरचे दिसेनासे झाले तर ताशी ४० किलोमीटरहून अधिक वेगाने गाडी हाकू नये, असा चालकांस दंडक आहे. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटी येथे दरड येऊन हा मार्ग बंद पडला. तेव्हा धोका गेला आहे, असे कोणी समजू नये.

बराच मोठा भाग अजून एकेरी आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे. रोहा ते वीर हा टप्पा २०२१ साली दुहेरी झाला. पुढे मात्र समोरून येणाऱ्या गाडीस वाट देण्याकरिता ही गाडी स्टेशनात उभी राहते. एक गाडी अर्धा तास हटली की तिच्या वाटेतील चार गाड्या हटतात. म्हणून पावसाळ्यात एकाच गाडीचा वेग कमी करून भागत नाही, सगळे कोष्टक पुन्हा मांडावे लागते. कोकणी उतारू ही गोष्ट जाणतो. गाडी तासभर अगोदर सुटणार असली तर तो तासभर अगोदर निघतो. उशिरा पोहोचणार असली तर घरी तसे कळवून ठेवतो. त्याची तक्रार वेगाविषयी नाही. कारण त्यास कळलेले आहे, तारीख अगोदर जाहीर झालेली आहे, आणि या बदलाने आपला जीव राखला जातो हे त्यास दिसते.

आता याच तराजूत दुसरा बदल घालून पाहू. १९ ऑगस्ट २०२२ पासून मध्य रेल्वेने मुख्य मार्गावरील दहा साध्या लोकल फेऱ्या काढून त्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या सुरू केल्या. मुंबईहून सायंकाळी पाच वाजून गेल्यावर बदलापुरास सुटणारी, कचेऱ्यांतून परतणाऱ्यांची नित्याची गाडी त्यांतच होती. वातानुकूलित गाडी वाईट, असे आम्ही म्हणत नाही. उकाड्यात चेंगरून जाण्यापेक्षा ती शतपटीने बरी. त्याच वर्षी मे महिन्यात तिच्या एकेरी तिकिटाचे दर निम्म्याने उतरविण्यात आले होते, हेही खरे. परंतु बदलापूरचा उतारू एकेरी तिकीट काढून प्रवास करीत नाही; तो मासिक पासावर करतो, आणि पासाचे दर होते तेथेच होते. साध्या दुसऱ्या वर्गाच्या पासाच्या कित्येक पट रक्कम ज्याच्या खिशात नाही, त्याला त्याचीच रोजची गाडी डोळ्यांदेखत दार लावून निघून गेलेली पाहावी लागली. तो मागच्या गाडीत चढला, आणि मागची गाडी अगोदरच भरलेली होती.

पुढे जे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. कळव्यास उतारू रुळांवर उतरले. बदलापुरास स्टेशनच्या अधिकाऱ्यांच्या कचेरीत लोकांचा जमाव लोटला. २५ ऑगस्टपासून त्या दहाही फेऱ्या मागे घेण्यात आल्या. एका आठवड्याच्या आत बदल आला आणि गेला! ज्या अडचणी त्या आठवड्यात ओरडून सांगाव्या लागल्या, त्या महिनाभर अगोदर विचारले असते तर चार लोकांनी शांतपणे सांगितल्या असत्या. रेल्वेस नामुष्की आली नसती, आणि उतारूंच्या मनात ‘आरडाओरडा केल्यावाचून येथे काही मिळत नाही’ हा घातक धडा रुजला नसता. या धड्याचेच आम्हांस अधिक भय वाटते.

कारण रुळांवर उतरण्याच्या मार्गाचे आम्ही समर्थन करू शकत नाही. कळव्यास अडलेल्या गाडीत कोणी इस्पितळात निघालेला असेल, कोणी परीक्षेस. उतारूंनी आपल्याही घरात थोडे पाहिले पाहिजे. बसावयास जागा मिळावी म्हणून अंबरनाथ-उल्हासनगराहून उलट बदलापुरास येऊन तीच गाडी धरावयाची, डब्यात टोळी करून चार जागा अडवून ठेवावयाच्या, आणि नव्या माणसास, विशेषतः एकट्या बाईस, दारातच ताटकळत ठेवावयाचे, हे प्रकार रोज चालतात. ज्यांस रेल्वेकडून न्याय पाहिजे, त्यांनी डब्यातील शेजाऱ्यास तो अगोदर दिला तर त्यांच्या शब्दास वजन येईल. तथापि उतारूंच्या या दोषाची ढाल करून अधिकाऱ्यांनी आपली जबाबदारी झटकावी, हेही आम्ही चालू देणार नाही.

लोकांस न विचारता घड्याळे फिरविण्याचा हट्ट या मुंबई इलाख्यास नवा नाही. रेल्वेगाड्या त्या काळी मद्रासच्या वेळेने धावत. ती मुंबईच्या वेळेच्या अर्धा तास पुढे. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामासाठी शहरातही मद्रासचीच वेळ लागू केली. लोकांनी ती मानली नाही आणि १८८३ साली सरकारास माघार घ्यावी लागली. १९०६ साली हिंदुस्थानची एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत जुनी वेळ १९५५ पर्यंत टिकून राहिली. एक वेळ असणे सोयीचे होते, यात शंका नाही. पण सोयीची गोष्टसुद्धा लोकांच्या माथी मारली की ती पन्नास वर्षे रखडते.

विचारण्याची सोय नाही म्हणावे तर तसेही नाही. १९२०-२१ सालच्या ॲकवर्थ कमिटीत श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्यासारखे सभासद होते. रेल्वेच्या कारभारात लोकांचा सल्ला घेणारी मंडळे असावीत, अशी शिफारस त्या कमिटीने शंभर वर्षांपूर्वी केली. आजही प्रत्येक विभागात रेल्वे वापरणाऱ्यांची सल्लागार समिती आहे. पण वेळापत्रक छापून झाल्यावर समितीपुढे ठेवावयाचे, तर त्यास सल्ला म्हणत नाहीत. मसुदा असतानाच तो तिच्यापुढे आला पाहिजे, आणि स्टेशनच्या फलकावरही लागला पाहिजे, म्हणजे भाजीवाली, कारकून, परिचारिका आणि उल्हासनगरचा दुकानदार या सर्वांस तो वाचता येईल. व्यापाऱ्यांनी याकडे केवळ नोकरदारांचा प्रश्न म्हणून पाहू नये. गुमास्ता वेळेवर पोहोचला नाही तर दुकान वेळेवर उघडत नाही, आणि रात्रीची गाडी हुकली तर दुसऱ्या दिवशीचा गुमास्ता अर्ध्या झोपेचा असतो.

मार्गच अपुरे आहेत, त्यास वेळापत्रक काय करील, हा अधिकाऱ्यांचा नेहमीचा जबाब आहे, आणि तो निराधार नाही. कल्याणपासून खोपोलीपर्यंतचा लोहमार्ग १२ मे १८५६ रोजी खुला झाला. घोडे बदलण्याचा टप्पा म्हणून बदलापूर, अशी लोकांत समजूत आहे. ते घोडे गेले आणि बदलापुरावरून आगगाडी धावू लागली. पुढे दोन मार्ग झाले, आणि त्या दोनच मार्गांवर लोकल, पुण्याकडील गाड्या, दक्षिणेकडील गाड्या आणि मालगाड्या अशी सारी वाहतूक येऊन पडली. कल्याण-बदलापूर तिसऱ्या व चौथ्या मार्गाची योजना आखली गेली. बदलापूर-कर्जत या सुमारे ३२ किलोमीटरच्या तिसऱ्या व चौथ्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. ठीक झाले. पण मंजुरीच्या कागदावरून गाडी धावत नाही. रूळ पडेपर्यंतची वर्षे याच दोन मार्गांवर काढावयाची आहेत, आणि म्हणूनच आहे त्या जागेची वाटणी कोणास विचारून होते, याला महत्त्व आहे. ज्याच्यापाशी चार असतात त्याने एक वाटेल तसे खर्च केले तर चालते. दोनांचा हिशेब सर्वांसमोरच मांडला पाहिजे.

पाण्याचा धोकाही केवळ कोकणच्या वाट्याचा नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान अडकली. सुमारे १,०५० उतारूंस होड्यांनी बाहेर काढावे लागले. आपत्ती निवारण दल, नौदल आणि आसपासचे ग्रामस्थ यांच्या श्रमाने ते सर्व सुखरूप सुटले. कोकणच्या डोंगरासाठी पावसाचे निराळे वेळापत्रक होऊ शकते, तर उल्हासच्या काठासाठी पावसाचा निराळा विचार का होऊ नये? अतिवृष्टीच्या दिवशी कोणत्या गाड्या बदलापूरच्या अलीकडे थांबतील, कोणत्या वळविल्या जातील आणि थांबलेल्या उतारूंस कोठे नेले जाईल, हे पाऊस पडण्यापूर्वी लिहून ठेवून लोकांस सांगता येते. रात्री उशिरा परतणाऱ्या बायकांस तर ही माहिती केवळ सोय म्हणून नव्हे, सुरक्षिततेकरिता लागते.

कोकणच्या उतारूंचे एक जुने गाऱ्हाणे येथेच नोंदविले पाहिजे. रत्नागिरीची पॅसेंजर कोरोनाच्या टाळेबंदीपूर्वी दादरपर्यंत जात असे. टाळेबंदीनंतर ती दिव्यासच थांबू लागली. बदलापूरकरास दिवा जवळ, म्हणून त्याचे काही बिघडले नाही, हे कबूल. परंतु गोणी-पिशव्या घेऊन दिव्यास उतरून पुन्हा लोकलच्या गर्दीत शिरणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची कल्पना करावी. साथीच्या दिवसांत तात्पुरता म्हणून केलेला बदल कायमचा होऊन बसला, आणि तो कायमचा करावा की नाही, हे त्या गाडीने जाणाऱ्यांस कोणी विचारले नाही. गरिबाच्या अनारक्षित गाडीची मुदत नेहमी अशीच मुकाट्याने आखूड होते.

२०२५ साली महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वे महामंडळाच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणास संमती दिली. विलीनीकरणाच्या बऱ्यावाईटाची चर्चा वेगळी. परंतु त्याचा एक लाभ बदलापूरकरांनी हक्काने मागितला पाहिजे. घर एक व्हावयाचे असेल, तर कोकणच्या गाडीस जोडणारी लोकल कोणती, हे सांगण्यास ‘तो विभाग आमचा नव्हे’ ही सबब उरता कामा नये. पावसाळी वेळापत्रकात सकाळी दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडीच्या गाडीसमोर बदलापूरची कोणती पहाटेची लोकल धरावी, आणि संध्याकाळी ती परतताना उशीर झाला तर बदलापुरास जाणारी कोणती गाडी शिल्लक असेल, एवढे दोन रकाने वाढविण्यास रूळ टाकावे लागत नाहीत आणि मंत्रिमंडळाची मंजुरीही लागत नाही. येत्या पावसाळ्याचे ते पान मे महिन्याच्या आत बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर आणि विठ्ठलवाडी या चारही स्टेशनांच्या फलकांवर मराठीत लागावे, आणि त्यापूर्वी पंधरा दिवस त्याचा मसुदा उतारूंच्या सूचनांसाठी तेथेच ठेवावा, अशी आमची मध्य व कोकण या दोन्ही रेल्वेंच्या अधिकाऱ्यांस विनंती आहे.