आजोबांची विलायती

आमच्या कुडाळच्या घरात दोन गोष्टींवर शंका घ्यायची नाही. एक, आजीची सोलकढी. दोन, आजोबांची बाराबोर. 'पर्डी आहे, लंडनची!' असं ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. पाहुणा मान डोलवायचा. पर्डी म्हणजे काय हे दोघांनाही ठाऊक नसायचं!

गेल्या वर्षी आजोबा गेले. लायसनवाला माणूस गेला की बंदूक घरात तशीच ठेवता येत नाही. बाबांनी ती रीतसर कोल्हापूरच्या एका डीलरकडे जमा केली. आता सवाल असा, की वारस म्हणून बाबांनी ती नावावर करून घ्यायची की विकायची? काकाचं उत्तर तयार होतं. नेटवर पर्डीचे भाव बघून त्याने मनातल्या मनात गावच्या घराचं छप्परसुद्धा बदलून टाकलं होतं.

तर एका शनिवारी पुण्याहून मी आणि बाबा तिकडे. डीलरकाका सत्तरीचे. त्यांनी आधी बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत ना ते बघितलं. 'हे पहिलं. मग गप्पा.' मग पुढचं लाकूड काढून नळ्या सुट्या केल्या आणि चक्क उलट्या धरल्या. बंदुकीचं आधार कार्ड पोटाखाली असतं, बॉस!

वर, दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कलकत्त्याच्या एका कंपनीचं नाव होतं. मी खूश. 'हे दुकानाचंही असू शकतं,' काका म्हणाले. ब्रिटिश काळात कलकत्त्यात बंदुकांची मोठी दुकानं होती. त्यातल्याच रॉडा कंपनीची माऊझर पिस्तुलं १९१४ मध्ये क्रांतिकारकांनी पळवली होती. ही दुकानं बाहेरून माल आणून त्यावर आपलं नाव घालत. खरं गाव सांगतात ते चाचणीचे शिक्के. बर्मिंगहॅमला तपासलेल्या नळीवर मुकुट आणि खाली बीपी, बीव्ही अशी अक्षरं सापडतात. आमच्या नळीवर होता एक छोटा अंडाकृती शिक्का. आत ई, एल, जी, खाली तारा, वर मुकुट.

'लिएज. बेल्जियम. मुकुट आहे म्हणजे १८९३ नंतरची.'

बाबा काहीच बोलले नाहीत.

पुढे तर पंक्चरच. नळीवरची ती सुंदर लाटांची नक्षी, जी आम्ही लहानपणी बोटाने गिरवायचो, ती म्हणजे डमास्कस. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून जोडलेली नळी. दिसायला लाजवाब, पण आजचं दमदार काडतूस घातलं तर फुटायची भीती. घरसुद्धा अडीच इंची, आणि आज दुकानात मिळतात ती काडतुसं बहुतेक पावणेतीनची. म्हणजे ती आत बसली तरी उडवायची नाहीत. (डुकरं हाकलायला आजोबा काय उडवायचे, देव जाणे.) दस्ता मूळचा नाही, गावच्या सुताराने सागाचा करून दिलेला. आत गंजाचे खड्डे. घेणाराही लायसनवालाच हवा, म्हणजे गिऱ्हाईक मोजकं. काकांनी जो आकडा सांगितला त्यात छप्पर सोडाच, कौलंही आली नसती.

'वडील खोटं नव्हते बोलत,' डीलरकाका बाबांना म्हणाले. 'त्यांनाही कुणीतरी असंच सांगितलं असेल.'

बाहेर येऊन बाबांनी काकाला फोन लावला. मला वाटलं, आता राडा. शिक्क्याचं ऐकून काका आधी गप्प झाला, मग खो खो हसत सुटला. 'म्हणजे आबांनी आपल्याला पन्नास वर्षं गंडवलं?'

बाबाही हसले. आजोबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

नावावर करायला बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र लागतं. काकाने ते आठवड्यात कुरिअर केलं. सोबत चिठ्ठी: 'पाहुण्यांना पर्डीच सांगायचं.'