आय-सेव्हनची सोनुबाई

जुने लॅपटॉप विकणाऱ्या कुठल्याही दुकानात जा आणि प्रोसेसर कोणता, एवढंच विचारा. "आय-सेव्हन आहे साहेब, डोळे झाकून घ्या." डोळे उघडे ठेवले तर कुणी घेणार नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. पिढी कुठली, असं विचारलं की सूर बदलतो. "पाचवी असेल, सहावी असेल. आय-सेव्हन म्हणजे शेवटी आय-सेव्हन हो!"

नाही हो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, एवढंच ते.

२०१५ सालचा आय-७ ५६००यू घ्या. मोठ्या कंपन्यांनी मोडीत काढलेल्या लॅपटॉपच्या ढिगात हा हटकून सापडतो. यात कोअर किती? दोन. हायपर-थ्रेडिंगमुळे विंडोजला चार दिसतात, म्हणून दुकानदार टास्क मॅनेजर उघडून चार आलेख नाचवून दाखवतो. त्याच आलेखांच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: कोअर २, लॉजिकल प्रोसेसर ४. तिथे बोट ठेवलं की तुमच्यासाठी चहा मागवला जातो.

आता ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेला डेस्कटॉपचा आय-३ ८१०० पाहा. चार खरे कोअर, ३.६ गिगाहर्ट्झचा वेग, आणि तो वेग तासन्‌तास टिकवायला ६५ वॅटची मुभा. वरच्या आय-७ ला मुभा १५ वॅटची. शेवटच्या 'यू'चा अर्थच तो. कागदावर त्याचा वेग ३.२ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, पण व्हिडिओ एडिटिंगसारखं लांबलेलं काम दिलं की मशीन तापतं, पंखा घरघरायला लागतो आणि वेग खाली येतो. म्हणजे आय-३ ने आय-७ ला लोळवलं. पण हे गिऱ्हाइकाला पटत नाही, कारण तीनपेक्षा सात मोठे हे तो पहिलीत शिकलाय. लॅपटॉपचे सगळेच आय-७ असे नसतात. मागे 'एचक्यू' असेल, ६७००एचक्यूसारखा, तर चार कोअर आणि ४५ वॅट मिळतात. पण हे सांगायला दुकानदाराने मॉडेलचं नाव शेवटपर्यंत वाचलेलं असावं लागतं.

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. हा घोळ इंटेलने समजून-उमजून घातला आहे. २०१५ मध्ये त्यांनी बिनपंख्याच्या पातळ मशीनसाठी साडेचार वॅटच्या चिप आणल्या होत्या: कोअर एम-३, एम-५, एम-७. निदान नाव तरी वेगळं होतं. पुढच्याच वर्षी एम-५ आणि एम-७ ही नावं गेली आणि त्यांच्या जागी आले आय-५ ७वाय५४ आणि आय-७ ७वाय७५. वॅट तेच साडेचार. 'एम' म्हटलं की माणूस शंका घेतो आणि 'आय' म्हटलं की पाकीट काढतो, यापलीकडे दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

आणि कंजूषपणा तर विचारूच नका. जानेवारी २०१७ मध्ये चार कोअरच्या आय-५ ७४०० ची किंमत होती १८२ डॉलर. मार्चमध्ये एएमडीचे रायझन बाजारात उतरले. ऑक्टोबरमध्ये इंटेलचा चार कोअरचा आय-३ आला ११७ डॉलरला! त्याआधी ऑगस्टमध्ये लॅपटॉपच्या आय-५ ८२५०यू मध्ये, त्याच १५ वॅटमध्ये, चार कोअर मावले होते. आदल्या वर्षीच्या आय-७ ७५००यू मध्ये मात्र दोनच. ज्याने तो आय-७ हौसेने घेतला, त्याला वर्षभरात आय-५ ने मागे टाकलं. स्पर्धक दारात उभा राहिल्याबरोबर इतकी दानत कुठून आली, हे कोणी सांगेल का?

एएमडीला हार घालायला निघालेल्यांनीही जरा थांबावं. २०१४ मध्ये याच कंपनीने ए-१० ७८५०के ही चिप 'बारा कॉम्प्युट कोअर' म्हणून मिरवली. त्यात प्रोसेसरचे कोअर चार. उरलेले आठ ग्राफिक्सचे, बेरजेत घुसडलेले. पुढे २०२२ मध्ये रायझन ३ ७३२०यू आला. नाव सात हजारांच्या मालिकेतलं आणि आतला आराखडा २०१९ चा झेन २. दोघेही एकाच माळेचे मणी.

पण मला सर्वांत जास्त चीड आहे ती सेलेरॉन एन४०२० ची. दोन कोअर, सहा वॅट. एकेकाळी सेलेरॉन म्हणजे मोठ्या भावाचीच छाटलेली आवृत्ती असे. २०१३ पासून इंटेलने ॲटमच्या वंशातल्या अशक्त चिपनाही सेलेरॉन आणि पेंटियमची नावं चिकटवायला सुरुवात केली. लॉकडाऊनमध्ये 'ऑनलाइन शाळेसाठी उत्तम' म्हणून असले लॅपटॉप गळ्यात मारले गेले. सोबतीला ४ जीबी रॅम, तीही बोर्डवर झाळलेली, म्हणजे वाढवायची सोय नाही. माझ्या पुतण्याच्या घरीही असाच एक आला. व्हिडिओवर वर्ग सुरू झाला आणि शेजारी पीडीएफ उघडली की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जायचा आणि बाई तोंड उघडं ठेवून थिजायच्या. त्याहून कमी पैशांत जुना आय-५ ४५९० चा डेस्कटॉप, एसएसडी घालून, मिळाला असता. २०१४ चा, पण चार कोअरचा. "डेस्कटॉप? आता कोण वापरतं?" असं म्हणून वहिनींनी विषय संपवला. लॅपटॉप आजवर त्या टेबलावरून हललेला नाही.

कळस मात्र मायक्रोसॉफ्टने चढवला. विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत हा एन४०२० आहे आणि आय-७ ७७००के नाही! नवी सुरक्षा वैशिष्ट्यं हवीत, हे कारण मला कळतं. पण वर्ग धड न चालवणारी चिप 'लायक' आणि आजही सगळं काम रेटणारी चिप 'बाद', हा न्याय कुठला? विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता सहाव्या-सातव्या पिढीच्या मशीनवर पळवाटेने विंडोज ११ चढवून 'एकदम लेटेस्ट' म्हणून विक्री चालते. पुढचं मोठं अपडेट अडलं, तर निस्तरायचं तुम्ही.

तेव्हा जुनं मशीन घ्यायला जाल तेव्हा स्टिकरकडे बघूच नका. स्टिकर सुटा मिळतो. मशीन चालू करून टास्क मॅनेजरमधून प्रोसेसरचं पूर्ण नाव कागदावर उतरवून घ्या, पिढीच्या आकड्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. विंडोजच वापरायचं असेल तर इंटेलच्या आठव्या पिढीच्या खाली उतरू नका आणि एन-मालिकेच्या सेलेरॉनला फुकटही हात लावू नका. मशीन एकाच जागी राहणार असेल तर मुकाट्याने डेस्कटॉप घ्या. आणि दुकानदार मशीन चालू करून दाखवायला कुरकुरला, तर आलेला चहा न पिता बाहेर पडा.